आडनाव न विचारणारा घरमालक

‘द सिम्स ४’ या संगणकीय खेळाचा ‘फॉर रेंट’ नावाचा एक्स्पान्शन पॅक ७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारात आला. त्याचा विषय एकच आहे, भाड्याचे घर. घरमालक, भाडेकरू, करार, चौकस शेजारी, बिघडलेला नळ, भिंतीवरची बुरशी आणि प्रसंगी भाडेकरूंचा उठाव, हे सगळे त्यात आहे. फक्त दार उघडणारा माणूस आडनाव विचारत नाही. या न विचारलेल्या प्रश्नाबद्दलच मला लिहायचे आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, स्पर्धा परीक्षेसाठी जे आपले तरुण पुण्या-मुंबईत खोली शोधत फिरले आहेत, त्यांना भाड्याच्या घराची गोष्ट त्या प्रश्नाशिवाय सांगताच येणार नाही.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, चळवळीपुढे एवढे प्रश्न असताना गेमवर कसला लेख? पण आपण सिनेमावर बोलतो, मालिकांवर बोलतो, पाठ्यपुस्तकात काय छापले यावर मोर्चे काढतो. आज वसतिगृहातला तरुण रात्री दोन तास ज्या पडद्यासमोर बसतो, तिथे त्याला ‘समाज’ म्हणून काय दाखवले जाते, हे तपासायला नको का? सिम्समध्ये तर दुसरे काहीच नाही. त्यात राक्षस मारायचे नाहीत, शर्यत जिंकायची नाही. माणूस घडवायचा, त्याला घर द्यायचे, नोकरी लावायची, त्याचे लग्न, मुले, म्हातारपण बघायचे. म्हणजे समाजच चालवायचा.

आनंद खरा आहे

आधी या खेळाने जे दिले त्याचे श्रेय देऊ. विल राइट या अमेरिकन गेम डिझायनरचे घर १९९१ च्या ओकलंडच्या आगीत जळाले. पुन्हा संसार उभा करताना माणसाला नेमके काय काय लागते, या विचारातून त्याला या खेळाची कल्पना सुचली आणि २००० साली पहिला ‘द सिम्स’ आला. जळालेल्या घरातून निघालेला हा खेळ आहे. ज्यांच्या वस्त्या जाळल्या गेल्याचा इतिहास आहे, त्यांना घर पुन्हा उभारण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पहिल्याच खेळात दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एकमेकांवर प्रेम करू शकत होत्या. डिसेंबर २०२० मध्ये ‘सिम्स ४’ मध्ये त्वचेच्या शंभरहून जास्त नव्या छटा आल्या. त्या आधी सावळ्या आणि काळ्या रंगाच्या छटा कमी आणि निस्तेज आहेत, म्हणून कृष्णवर्णीय खेळाडूंनी सतत तक्रार केली होती. मागितल्याशिवाय मिळाले नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून प्रेरणा घेतलेला कपड्यांचा एक छोटा संचही आला.

‘फॉर रेंट’चा आनंद याच्या पुढचा आहे. एका प्लॉटवर सहापर्यंत घरे बांधता येतात. मधे अंगण, सामाईक जिना, एकाच्या खिडकीतून दुसऱ्याचा आवाज. शेजारी आपापल्या घरून पदार्थ आणून एकत्र जेवतात. चाळीत वाढलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचे वाटते. घराकडे दुर्लक्ष केले तर बुरशी वाढते आणि त्या बुरशीने सिम मरूसुद्धा शकतो. भाडेकरूंचे हाल केले तर ते मालकाविरुद्ध उठतात. करमणुकीच्या खेळात भाडेकरूंचा उठाव ही छोटी गोष्ट नाही.

आणि सर्वात मोठा आनंद आडनावाच्या चौकोनाचा. सिम घडवताना नाव आणि आडनाव लिहायला दोन रिकाम्या जागा असतात. तिथे कांबळे लिहा, गायकवाड लिहा, जोशी लिहा, खेळाला काही फरक पडत नाही. त्या अक्षरांमुळे ना घर महाग होते, ना शेजारी तोंड फिरवतो. या खेळात शाकाहारी असणे हाही एक स्वभावगुण आहे. पण त्याचा परिणाम ज्याचा त्याच्यावर होतो, शाकाहारी सिमने मांस खाल्ले तर त्याला स्वतःला त्रास होतो. शेजारच्या घरात काय शिजते आहे, यावर त्याचा अधिकार चालत नाही. मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांना एवढी साधी गोष्ट अजून समजलेली नाही.

खटकते ते कुठे

वरवरच्या तक्रारी पुष्कळ आहेत. मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट झाला, पण ‘फॉर रेंट’ हा त्याचा पंधरावा एक्स्पान्शन पॅक आणि असा प्रत्येक पॅक अमेरिकेत ४० डॉलरला विकला गेला. दार फुकट, आतली प्रत्येक खोली विकत, असा हा धंदा आहे. सहा घरांची मर्यादाही हास्यास्पद आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळीत एका मजल्यावर वीस आणि एका इमारतीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. त्या चाळीचा अर्धा मजलासुद्धा या खेळात मावत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ‘फॉर रेंट’मध्ये प्रत्येक सिमकडे ‘गुपिते’ असू शकतात. शेजारी कान लावतात, घरात डोकावतात, वस्तू चाळतात आणि गुपित शोधून काढतात. खेळात ही मजा आहे. चौकसपणा हा तर एक स्वभावगुणच आहे. आता हे दृश्य जरा आपल्या शहरांत आणून बघा. नव्या भाडेकरूच्या भिंतीवर कोणाचा फोटो आहे, १४ एप्रिलला तो कुठे गेला होता, त्याच्या आईने नमस्कार म्हटले की जय भीम, डब्यातून कसला वास येतो, हे सगळे इथले शेजारी शोधतच असतात. आपल्या किती मुलामुलींनी खोली मिळवण्यासाठी आडनाव अर्धे सांगितले आहे, गावाचे नाव आडनाव म्हणून लावले आहे, बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला लावला आहे? खेळात गुपित ही करमणूक आहे. आपल्याकडे ते डोक्यावर छप्पर टिकवण्याची अट आहे.

याचा सर्वात मोठा पुरावा बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. राहायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला प्रवेश नाही, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. हे सगळे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. दिवसाला दीड रुपया भाडे. अकराव्या दिवशी गुपित फुटले. हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारले. हिंदू मित्राने सांगितले, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेल्या मित्राचे उत्तर, पत्नीला विचारावे लागेल, आणि त्यातून निघणारा अर्थ बाबासाहेबांना कळला. शेवटी ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

पैसा होता, नोकरी होती, परदेशी विद्यापीठाची पदवी होती. सिम्सच्या हिशोबाने तो ‘आदर्श भाडेकरू’ होता. खेळ त्याला पहिल्याच मिनिटाला घर देईल. हीच या खेळाची गफलत आहे. त्याच्या जगात घर न मिळण्याचे कारण फक्त पैसा असू शकतो.

जे मोजले नाही ते दिसत नाही

सिम्युलेशन म्हणजे जगाची प्रतिकृती. पण प्रतिकृतीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे बनवणारा ठरवतो. विल राइटने सिम्सच्या आधी १९८९ साली ‘सिमसिटी’ केला. त्याच्यामागे जे फॉरेस्टर या अभियंत्याच्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ या १९६९ च्या पुस्तकाचा प्रभाव होता. फॉरेस्टरने शहराचे गणिती मॉडेल केले आणि निष्कर्ष काढला की गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहर खालावते, जुन्या वस्त्या पाडून उद्योगांना जागा दिली तर सुधारते. त्या मॉडेलमध्ये वंश नावाचा घटकच नव्हता, आणि तेही ज्या काळात अमेरिकन शहरे वंशाच्या प्रश्नावर पेटली होती. समीकरणातून प्रश्न काढून टाकला की उत्तर सोयीचे येते. आपल्याकडे ‘आता जात कुठे राहिली आहे’ म्हणणारा माणूस हेच गणित तोंडी करत असतो.

सिम्समध्ये एकटा सिम २०,००० सिमोलियन घेऊन जगात येतो. सगळ्यांना सारखेच. ना वडिलोपार्जित जमीन, ना सावकाराचे कर्ज, ना मामाचा फ्लॅट, ना ओळखीचा साहेब. त्यानंतर जो मेहनत करेल तो बंगला बांधेल. हे ‘मेरिट’वाल्यांचे स्वप्न आहे. आरक्षणाला विरोध करणारा प्रत्येक जण असेच समजून बोलतो की सगळ्यांना सुरुवातीला २०,००० मिळाले होते. खेळात ते खरे आहे. गावकुसाबाहेर ते कधीच खरे नव्हते.

कोणी म्हणेल, अमेरिकन कंपनीने भारतीय जात का दाखवावी? रास्त प्रश्न आहे. पण ‘फॉर रेंट’चे तोमरांग हे शहर आग्नेय आशियावरून बेतलेले आहे, आणि तिथेही घराच्या दारावर वंशाचा प्रश्न उभा आहे. सिंगापूरने १९८९ पासून सरकारी इमारतींमध्ये प्रत्येक वांशिक गटाचे कमाल प्रमाण ठरवून दिले आहे, कारण मोकळे सोडले तर वस्त्या वंशानुसार वेगळ्या होतील ही भीती होती. त्याच सिंगापूरमध्ये खासगी भाड्याच्या जाहिरातींत ‘भारतीय नकोत’ असे लिहिलेले सापडले आणि २०१४ च्या सुमारास त्याच्या बातम्या झाल्या. तिथे गेलेल्या सवर्ण इंजिनिअरला तेव्हा पहिल्यांदा कळले असेल की पगाराची स्लिप हातात असूनही दार बंद होऊ शकते. त्याला ते अपमानास्पद वाटले, आणि ते होतेच. प्रश्न एवढाच, की तोच माणूस आपला ठाण्याचा किंवा पुण्याचा फ्लॅट भाड्याने देताना ब्रोकरला काय सांगतो?

खुद्द अमेरिकेत हा प्रश्न अनोळखी नाही. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात तिथे फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली आणि वंशावरून घर नाकारणे बेकायदा ठरले. म्हणजे या कंपनीच्या देशात कायद्याने ओळखलेला भेदभाव तिच्या भाड्याच्या घराच्या खेळातून गायब आहे. रंगाच्या शंभर छटा दिल्या, पण रंगामुळे काय घडते ते दिले नाही. विविधता सजावट म्हणून विकायची आणि विषमता झाकून ठेवायची, ही आजच्या भांडवलशाहीची पद्धत आहे.

यावर दुसरी बाजूही मी ऐकून आहे. आपलेच काही तरुण म्हणतात, दिवसभर जात सोसायची आणि रात्री खेळातही तीच? तिथे तरी विसरू द्या. हे म्हणणे मला खोटे वाटत नाही. जातीविना जग दोन तास अनुभवता येणे यात काही वाईट नाही. तसे जग कसे वाटते याची चव माहीत असेल तरच माणूस त्याच्यासाठी भांडतो. म्हणून खेळात जात कोंबा अशी माझी मागणी नाही. खेळ बंद केल्यावर बाहेर तो नियम का चालत नाही, हा प्रश्न मात्र आपण सोडायचा नाही.

आता काय करायचे

घरमालक जेव्हा नाकारतो तेव्हा जातीचे नाव घेत नाही. ‘आत्ताच दिली’, ‘फॅमिलीलाच देतो’, ‘व्हेज लोकच पाहिजेत’, ‘सोसायटीची एनओसी मिळत नाही’ अशी उत्तरे तयार असतात. त्यामुळे एकट्या माणसाची तक्रार टिकत नाही. पण हे सिद्ध करता येते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत सवर्ण, दलित आणि मुस्लीम नावांनी भाड्याची घरे मागून पाहिली. हा अभ्यास २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये आला. सवर्ण नावाला घर सहज मिळाले, दलित नावाला नकार आणि जादा अटी आल्या, मुस्लीम नावाला सर्वात जास्त नकार आले. अमेरिकेत तर असे जोडीने चाचणी घेणारे लोक स्वतः न्यायालयात जाऊ शकतात, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यार्थी संघटनांनी हे काम का करू नये? दोन नावे, एक जाहिरात, दोन फोन, आणि नीट ठेवलेली वही. तारीख, वेळ, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मिळालेले उत्तर. एवढे करायला निधी लागत नाही.

कायदा आपल्याकडे आहे, तो वापरला जात नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम १२ सांगते की अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असा गुन्हा घडला तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध करणे समोरच्यावर. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली. इतरांशी ज्या अटींवर व्यवहार केला जातो त्या अटींवर दलित-आदिवासींशी व्यवहार नाकारणे त्या व्याख्येत बसते. किती कार्यकर्त्यांना ही कलमे पाठ आहेत?

अडथळेही ओळखून घेऊ. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत, भाड्याचे घर हा शब्द नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. बडोद्याची धर्मशाळा आठवणाऱ्यांना तो निकाल टोचल्याशिवाय राहणार नाही. मुद्दा पारशी समाजाचा नाही, कुठल्याही समाजाने कुंपण घालून राहण्याला न्यायालयाची मान्यता मिळण्याचा आहे. पण उत्तरही बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ त्यांनी व्यापक सांगितला होता, जो कोणी आपली सेवा लोकांसमोर ठेवतो तो त्यात येतो. २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थाचा आधार घेतला. मग जो मालक इंटरनेटवर जाहिरात टाकून घर भाड्याने द्यायला काढतो, तो त्या अर्थाने दुकानदारच नाही का? ही मांडणी घेऊन न्यायालयात कोणीतरी उभे राहिले पाहिजे, आणि भाड्यातल्या भेदभावाविरुद्ध स्पष्ट राज्य कायदा व्हावा ही मागणी प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारापुढे ठेवली पाहिजे.

आणखी एक काम खास तंत्रशिक्षित तरुणांसाठी. आपल्यात प्रोग्रामर आहेत, चित्रकार आहेत, कथा लिहिणारे आहेत. तर मग भाड्याच्या घराचा आपला खेळ बनवा. मोबाइलवर चालेल इतका छोटा चालेल. त्यात खेळाडूच्या हातात पदवी द्या, पगार द्या, डिपॉझिट द्या आणि शहरात घर शोधायला सोडा. फक्त प्रत्येक दारावर तो प्रश्न राहू द्या. खेळणारा सवर्ण मुलगा दहाव्या दारावर वैतागून म्हणेल, हा खेळ अन्यायाचा आहे, नियम आधीच ठरलेले आहेत. तेव्हा त्याला सांगता येईल की नियम आपण लिहिले नाहीत, फक्त उतरवून घेतले आहेत.

१९१७ साली बाबासाहेब कामाठी बागेत बसले होते, आज आपली पोरे ब्रोकरच्या ऑफिसबाहेर बसतात. त्या बाकावरून उठून वही उघडायची वेळ आली आहे. येत्या जून-जुलैत नवे विद्यार्थी खोल्या शोधायला शहरात येतील, तेव्हा प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक अभ्यासिकेत नकारांची ही नोंदवही सुरू झालेली असली पाहिजे.

जय भीम!